मावशीच्या नाकासाठी भाजलेली कॉफी

नाशिक शहरात सगळ्यात जास्त कॉफी भाजलेला आणि सगळ्यात कमी कॉफी प्यायलेला माणूस दाखवा म्हणून कुणी पैज लावली, तर मी डोळे मिटून त्याला इंदिरानगरात माझ्या मावशीकडे घेऊन जाईन आणि मावशीच्या यजमानांकडे बोट दाखवीन. आमचे हे काका जन्माचे चहाबाज. सकाळी उठल्यावर चहा, अंघोळीआधी चहा, अंघोळ झाली म्हणून चहा, पेपर आला की चहा आणि पेपरवाला आला नाही तर त्या दुःखात चहा. कुणाच्या घरी चुकून कॉफी पुढे आली तर ते कपाकडे आणि मग यजमानीणबाईंकडे असं काही बघत, की ती बिचारी कप उचलून पुन्हा आधण ठेवायला जायची. आणि हाच माणूस गेली काही वर्षं दर रविवारी शेगडी पेटवतो, डोळ्यांत धूर घेतो, बोटं पोळून घेतो, कॉफीच्या बिया भाजतो आणि ते सगळं झालं की घरी जाऊन चहा पितो.

काका मूळचे बागलाणातल्या नामपूरचे. सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात त्यांची नोकरी झाली. इतकी वर्षं शहरात काढल्यामुळे बोलणं आमच्यासारखं झालं असलं, तरी फार आनंद झाला किंवा पायाला ठेच लागली की अहिराणीच बाहेर पडते. देवावर त्यांची श्रद्धा बेताची. खरी श्रद्धा एकाच गोष्टीवर: बाजारात मिळणारी कुठलीही वस्तू घरातल्या दोन मोडक्या वस्तूंपासून तयार होऊ शकते. जळालेल्या मिक्सरची मोटर पुन्हा गुंडाळून त्यांनी एकदा नारळ खवण्याचं यंत्र केलं होतं. गणपतीत मोदकांच्या आदल्या दिवशी त्याचं उद्घाटन झालं. यंत्राने नारळ उत्तम खवला, फक्त तो परातीत न पडता छताला जाऊन चिकटला. मावशी खाली परात धरून वर बघत उभी राहिली आणि काका म्हणाले, "खवण्याचं काम झालं. आता गोळा करण्याचं बघू." छतावरचा तो डाग पुढे दोनदा रंग देऊनही गेला नाही.

मावशीला मात्र यंत्रं लागत नसत. तिच्याकडे नाक होतं. मावशी निफाडची. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय पदार्थ जिभेला लावायचा नाही हा तिच्या माहेरचा कडक नियम, तेव्हा मीठ-तिखट कमी की जास्त हे ती लहानपणापासून वासावरून ठरवत आली. पातेल्यावरचं झाकण किलकिलं करायची, वाफ नाकाशी घ्यायची आणि ‘चिमूटभर हवं’ म्हणायची, आणि खरोखर चिमूटभरच हवं असायचं. आंब्याच्या पेटीला वरून नाक लावून ती खालच्या थरातला नासका आंबा सांगे. शेजारच्या इमारतीत कुणाची डाळ खाली लागायला आली की त्या बाईच्या आधी मावशीला कळायचं आणि ती फोन करून गॅस बंद करायला सांगायची. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे राहायला गेलो की ती माझं डोकं हुंगून म्हणायची, उद्या याला ताप येणार. ताप यायचा. आम्हा भाचरांना तर असा संशय होता की ताप आमच्या अंगात नसून तिच्या सांगण्यातच आहे.

या नाकाशी काकांनी जन्मभर लढाई केली. त्यांना रक्तदाबाचा त्रास, त्यामुळे मिसळ बंद. आता नाशिकात राहून मिसळ बंद म्हणजे काय शिक्षा आहे हे बाहेरच्यांना कळायचं नाही. तेव्हा रविवारी सकाळी काका भाजी आणायला म्हणून बाहेर पडत आणि तासाभराने मेथीची एक जुडी घेऊन परतत. मावशी दार उघडायची, तिथल्या तिथे एक श्वास घ्यायची आणि शांतपणे सांगायची की रस्सा दोनदा घेतलाय. काकांनी बडीशेप खाऊन पाहिली, लिंबू चोखून पाहिलं, एकदा तर शर्टाच्या खिशात कोथिंबीर कोंबून आले. मावशीने मिसळीचा उल्लेखही केला नाही. ‘कोथिंबीर खिशात ठेवायला लागलात, म्हणजे प्रकरण पुढे गेलंय,’ एवढंच म्हणाली. काका चिडायचे, नाकाला कुलूप लावा म्हणायचे, पण पुढच्या रविवारी नवी युक्ती घेऊन पुन्हा दारात हजर. हरायला इतक्या उत्साहाने जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघंही आजारी पडली. काका खोकत खोकत बरे झाले, मावशीही उठून कामाला लागली, साथ ओसरली, तोंडावरचे मास्क उतरले. मावशीचा वास मात्र गेला तो गेलाच. सुरुवातीला तिने ते हसण्यावारी नेलं. येईल की, जातोय कुठं, म्हणायची. मग गौरीजेवणाच्या दिवशी आमटीत मीठ दुप्पट पडलं. नैवेद्य झाला, पंगत बसली, आम्ही सगळे पाणी पीत पीत निमूट जेवलो. शेवटी मावशी स्वतः जेवायला बसली, पहिला घास घेतला आणि हात तसाच ताटावर ठेवून बसून राहिली. त्यानंतर तिने नैवेद्याचा स्वयंपाक करणं सोडलं. देवापुढे विकतचे पेढे जाऊ लागले.

एकदा मी सहज भेटायला गेलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "वास गेला ना, की माणसं लांब गेल्यासारखी वाटतात रे. तुझे काका घरात आहेत की नाहीत, हे मला आता उठून बघावं लागतं." हे सांगताना तिने मला जवळ घेऊन सवयीने माझं डोकं हुंगलं आणि सोडून दिलं. माझे केस आता पांढरे व्हायला लागलेत, तरी त्या क्षणी मला वाटलं की हिने काहीतरी सांगावं. ताप येणार म्हणावं, नाहीतर निदान आज केसांना तेल लावलं नाहीस म्हणावं. ती चहाचं आधण ठेवायला उठली, आणि मला रस्ताभर उगाचच पोरकं वाटत राहिलं.

काकांची अवस्था त्याहून वाईट. आता त्यांना सगळं रान मोकळं होतं. पहिल्या रविवारी ते उघडपणे मिसळ खाऊन आले आणि दारात उभे राहिले. मावशीने दार उघडलं, मेथी आणलीत का विचारलं आणि आत गेली. पुढच्या रविवारी ते जास्तीचा रस्सा घेऊन आले आणि मुद्दाम तिच्या तोंडासमोर बोलत राहिले. तिने मान डोलावली आणि मेथी निवडायला घेतली. तिसऱ्या रविवारी काका घरीच बसले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "धरायला कुणी नाही, तर चोरून खाण्यात काय राम आहे?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

शेवटी त्यांनी तिला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, औषधाने फारसं होणार नाही, नाकाला पुन्हा शिकवावं लागेल. रोज सकाळ-संध्याकाळ उग्र वासाच्या वस्तू हुंगायच्या: लवंग, लिंबाची साल, निलगिरीचं तेल. आणि ज्या वासाशी जुनी आठवण चिकटलेली आहे असा एखादा वास निवडा, त्याने कधीकधी लवकर जाग येते. काकांनी बायकोच्या वतीने ताबडतोब ‘चहा’ असं उत्तर देऊन टाकलं. मावशी म्हणाली, "कॉफी."

काका तिच्याकडे बघतच राहिले. मग डॉक्टरांसमोरच तिने सांगितलं. लग्नाआधी ती डी.एड. करायला नाशिकला राहत होती, तेव्हा मेन रोडच्या एका बोळात दक्षिणेकडच्या कुणाचं छोटं दुकान होतं. ते तिथेच बिया भाजायचे आणि दळून द्यायचे. सरळ रस्ता सोडून ती रोज त्या बोळातून कॉलेजला जायची, दुकानापाशी जरा रेंगाळायची आणि तो वास भरून घेऊन पुढे व्हायची. ते दुकान बंद होऊनही जमाना झाला. काकांनी विचारलं, मग इतक्या वर्षांत घरी कॉफी का नाही केलीस? मावशी म्हणाली, "तुम्ही चहाचे. एका घरात दोन आधणं कशाला?" डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

हे सगळं काकांनी मला नंतर सांगितलं. पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होते, इतकी वर्षं ती माझा चहा प्याली. त्याच संध्याकाळी त्यांनी कॉफीची पूड आणून बरणी तिच्या नाकाखाली धरली होती. काही नाही. दुसरी महाग पूड आणली, तरी काही नाही. तेव्हा दोष नाकाचा नसून पुडीचा आहे, असा त्यांनी निकाल दिला. पुडीतली कॉफी मेलेली असते, आपण पाकीट फोडतो तोवर तिचं तेरावंही उरकलेलं असतं, तिला ताजा भाजलेला वास हवाय तर ताजाच भाजू, असं त्यांचं म्हणणं. मी कॉफी भाजायच्या छोट्या यंत्राचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे कॉफीच्या कपाकडे बघतात तसं बघितलं.

कारखान्यातला त्यांचा एक जुना सोबती चिकमंगळूरकडे राहायला गेला होता. त्याने कुरिअरने पोतडीभर कच्च्या बिया पाठवल्या. कच्ची कॉफी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. रंग फिकट हिरवट, अर्धगोल दाणा, मधे एक चीर. कॉफी म्हणून सांगितलं नाही तर कुणीही त्याला कडधान्य समजेल. तेच झालं. काकांनी बिया एका डब्यात भरून फडताळात ठेवल्या आणि शेगडी शोधायला माळ्यावर चढले. नाव लिहिलेली रिकामी पोतडीही त्यांच्याबरोबर माळ्यावर गेली. मावशीने डबा उघडला, नाक काही सांगेना, डोळ्यांनी पावट्याची कुठलीशी जात ठरवली, आणि उसळीसाठी रात्रभर भिजत घातल्या. सकाळी ओल्या फडक्यात घट्ट बांधून ते गाठोडं गॅसच्या बाजूला उबेला ठेवलं. दुसऱ्या दिवशी काका बिया शोधत स्वयंपाकघरात आले तेव्हा ती गाठोड्यावर पाणी शिंपडत कुरकुरत होती की कसले पावटे आणलेत, मेल्यांना मोडच येत नाहीत.

दुसरा कुणी असता तर त्या बिया फेकून मोकळा झाला असता. काकांनी त्या उन्हात वाळवल्या आणि भाजल्या. टाकून देणं त्यांच्या धर्मात नाही. त्या कॉफीचा पहिला मान मला मिळाला. भिजलेलं गोणपाट उकळून त्यात साखर घातली तर जे होईल ते मी कपभर प्यालो, आणि पुन्हा मागितलं नाही एवढाच निषेध नोंदवला.

पुढचे प्रयोग गच्चीवर सुरू झाले. लोखंडी कढईत भाजल्या तर एकाच घाण्यात काही बिया कोळसा, काही जेमतेम लाल आणि काही चक्क हिरव्या. दाणे भाजतो तसं वाळूत घालून पाहिलं, तर कॉफीत वाळू आली. मग एका रविवारी काकांची नजर माळ्यावरच्या आइस्क्रीमच्या पॉटवर गेली. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाच्या दंडात त्या पॉटची आठवण आहे. लाकडी बादली, बर्फ, खडेमीठ, आणि पाळीपाळीने फिरवायचा दांडा. काकांनी बादली काढून टाकली, दात्यांचं चाक आणि दांडा ठेवला, त्याला स्टीलचा एक डबा आडवा बसवला, डब्याला खिळ्याने भोकं पाडली आणि सगळा संसार कोळशाच्या शेगडीवर आणला. ज्या यंत्राने जन्मभर थंड केलं ते आता भाजायला लागलं. दांडा सारखा फिरवत ठेवायचा, बिया डब्यात खुळखुळत राहतात, काही वेळाने लाह्यांसारख्या तडतडतात, आणि मग डोळ्यांत तेल घालून रंगाकडे बघायचं. चिंचोक्याचा रंग आला की उतरायचं. पुस्तकातले रंग काकांना मान्य नाहीत. जरा घाई केली तर भुईमुगाच्या टरफलाचा, विसरलो तर बिब्ब्याचा, आणि बरोबर जमलं तर चिंचोक्याचा.

भाजलेल्या बिया लगेच गार कराव्या लागतात. त्यासाठी मावशीचं सूप आणि एक टेबलफॅन. पंख्यासमोर सूप पाखडलं की बियांवरचे पातळ पापुद्रे भुर्रकन उडून जातात. कुठे जातात याचा विचार काकांनी केला नव्हता. वैशाखात वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गच्चीत कुरडया वाळत घातल्या होत्या, तिथे ते गेले. ओल्या पांढऱ्या कुरडयांवर ते तपकिरी पापुद्रे असे काही बसले की वेचूनही निघेनात. काकू भांडल्या नाहीत. आठवड्याने त्यांनी त्यातल्याच कुरडया तळून ताटली पाठवली आणि निरोप दिला की तुमचंच पीक आहे. काकांनी एक कुरडई तोंडात टाकली आणि बराच विचार करून सांगितलं की वास मस्त लागलाय.

पण ज्या नाकासाठी हे चाललं होतं, त्याला काहीच लागत नव्हतं. प्रत्येक घाणा उतरला की काका गरम बिया सुपात घेऊन मावशीसमोर धरायचे आणि म्हणायचे, "येतो का?" मावशी डोळे मिटून मनापासून हुंगायची आणि म्हणायची, "नाही हो." काका मान हलवून पुन्हा दांड्याशी बसायचे. दोन उन्हाळे असे गेले. पावसाळ्यात शेगडी जिन्याच्या छपराखाली यायची. मला ते बघवेना. एकदा मी मावशीला बाजूला घेऊन म्हटलं, एकदा हो म्हण की, काय जातं तुझं, त्यांचा जीव भांड्यात पडेल. ती हसली. "हो म्हटलं तर ते भाजायचं थांबवतील," ती म्हणाली. "आणि मला खोटं जमतही नाही. त्यांना उगाच खोटी आशा नको, आणि मला इथली बैठक मोडायची नाही." रविवारी सकाळी ती काकांच्या शेजारी पाट टाकून बसायची, ते दांडा फिरवायचे, ती तडतड ऐकायची. कारखाना, घर, मुलांची शिक्षणं यांच्या धामधुमीत दोघं अशी एका जागी कधी बसलीच नव्हती, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग एका रविवारी, नेहमीसारख्याच, मावशी खाली काहीतरी आणायला गेली होती. ती जिना चढून वर आली आणि दारातच थबकली. तिने तोंड वाकडं केलं, पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "शी. काय मेलंय इथं?"

काकांनी दांडा सोडला. आधी त्यांनी गच्चीभर मेलेला उंदीर शोधला. मग ते मावशीकडे वळले, मग सुपाकडे, आणि मग त्यांना उमगलं. सूप उचलून त्यांनी तिच्यासमोर नेलं तशी ती ओकारी दाबत दोन पायऱ्या खाली उतरली. काकांनी फोन काढला. मला फोन केला तेव्हा त्यांच्या तोंडून मराठी फुटत नव्हती. "तिले वास ऊना रे," एवढंच म्हणत होते. तिला वास आला. शेगडीवरचा घाणा तोवर जळून राख झाला होता, आणि त्याकडे बघायला कुणालाही वेळ नव्हता.

संध्याकाळी काकांनी इमारतीत पेढे वाटले. कशाचे पेढे विचारलं तर सांगायचे, हिला कॉफीचा घाण वास येतो. लोक पेढा घेत, शुभेच्छा देत आणि दार लावल्यावर बहुतेक एकमेकांकडे बघत असतील. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र दोन घेतले. म्हणाल्या, घाण येतो हे मी पहिल्यापासून सांगतेय.

डॉक्टरांनाही आनंद झाला, पण त्यांचा आनंद बेताचा होता. नाक जागं होतंय, ते म्हणाले, पण आतल्या तारा सध्या उलटसुलट जोडल्या जाताहेत, म्हणून चांगले वास घाणेरडे येतात. कॉफीचा सगळ्यात जास्त. हळूहळू सुधारेल. केव्हा, ते सांगता येत नाही. काहींचं पूर्ण सुधारतही नाही. आणि तोवर तिच्यासमोर कॉफी भाजू नका.

तिला आता कॉफीच नव्हे, कांदा परतल्याचाही वास सोसेना, लसणीच्या फोडणीचाही. कांद्याच्या मुलखातल्या त्या घरातून कांदा हद्दपार झाला. नामपूरच्या बाजारात कांद्याच्या ढिगांवर खेळत मोठे झालेले काका मुकाट्याने दहीभात आणि गूळ-पोळी खाऊ लागले. गच्चीवरची शेगडी विझली. ज्या वासासाठी त्यांनी इतका आटापिटा केला, तो वास तिच्यापर्यंत पोचला आणि पोचताच तिच्यापासून लांब न्यावा लागला, याचं हसावं की रडावं हे आम्हाला कुणालाच कळेना.

मला वाटलं, आता संपलं. पुढच्या रविवारी सकाळी काका स्कूटरवर पॉट, शेगडी आणि सूप बांधून माझ्या दारात. आमची इमारत त्यांच्यापासून चार गल्ल्या सोडून. तुझी गच्ची मोकळीच असते ना, एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वर गेले. मी म्हटलं, काका, आता कशासाठी? तुम्ही पीत नाही, तिला सोसत नाही. ते कोळसे रचत म्हणाले, "तिचं नाक सुधारेल त्या दिवशी मी कुठून आणू ताजी? हात सुटता कामा नये." भाजून झालं की आमच्याकडेच साबण लावून अंघोळ करायची, आमच्या खुंटीला ठेवलेला दुसरा शर्ट घालायचा आणि बिया घट्ट झाकणाच्या डब्यात घेऊन घरी जायचं, हा शिरस्ता पडला.

घरी गेलं की मावशी विचारायची, आज कसा होता वास? काका म्हणायचे, चांगला होता. त्यावर ती म्हणायची, चांगला म्हणजे काय, तोंडाला लावायची पावडरही चांगली असते आणि अत्तरही. ज्या माणसाने जन्मात कुठल्याही पदार्थाला ‘बरं आहे’च्या पुढे शब्द दिला नाही, त्याला आता वासाचं वर्णन करावं लागलं. मग ते गच्चीवर मला आणि माझ्या बायकोला सूप हुंगायला लावत आणि आमच्याकडून शब्द गोळा करत. आम्ही दिलेले शब्द त्यांना पटत नसत. स्वतःच दांडा फिरवता फिरवता पुटपुटत बसायचे: आधी ओल्या गवताचा येतो, मग तव्यावरच्या भाकरीचा, मग... आणि तिथे अडायचे. डोळे बारीक करून पुन्हा हुंगायचे. मला तेव्हा त्यांचा हेवा वाटायचा. कुणासाठी तरी इतकं नीट हुंगावं असं माझ्या आयुष्यात काही नव्हतं.

डब्याची युक्ती मावशीनेच काढली. काकांनी फाटकाशी डबा उघडायचा आणि उघडा डबा घेऊन हळूहळू घराकडे यायचं. तळमजल्यावरचं घर, ती आत खुर्ची टाकून दाराकडे तोंड करून बसणार. घाण असह्य झाली की ती हात वर करणार, आणि काकांनी तिथेच झाकण लावायचं. पहिल्या वेळी ते फाटकाची कडी लावतात न लावतात तोच हात वर झाला. काही महिन्यांनी ते पाण्याच्या टाकीपर्यंत पोचले. मग जास्वंदीपर्यंत. येणारे-जाणारे बघत राहायचे: एक म्हातारा माणूस पुढे डबा धरून, मुंजीतल्या भिक्षावळीला निघाल्यासारखा एकेक पाऊल टाकत स्वतःच्याच घराकडे चाललाय. एकदा जिन्यापाशी पोचल्यावर वारा फिरला आणि हात वर झाला, तर काका वाऱ्यावरच चिडले. नंतरचे कितीतरी रविवार ते चपलांच्या कपाटाशी अडकून होते.

गेल्या रविवारी मी त्यांच्यासोबत गेलो होतो. त्या दिवशी भाजणं लांबलं होतं, संध्याकाळची उन्हं दारात आली होती. काका फाटकातून निघाले, टाकी ओलांडली, जास्वंद ओलांडली, चपलांच्या कपाटाशी पोचले आणि थांबले. मावशी खुर्चीत ताठ बसली होती. हात मांडीवरच होता. काकांनी एक पाऊल टाकलं, आणखी एक टाकलं, आणि उंबऱ्याशी येऊन उभे राहिले.

"या की आत," मावशी म्हणाली.

काका हलले नाहीत. "नको. आज इथवरच."

"का?"

ते डब्यातल्या बियांकडे बघत राहिले. "आत आलो आणि तुझा हात वर झाला तर," ते म्हणाले, "पुन्हा मागे जायचं बळ नाही गं आता. इथं बरं आहे."

मला त्यांना ढकलावंसं वाटलं. एवढं आलात, अजून थोडं या, असं म्हणावंसं वाटलं. तोवर मावशी खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठली. "मग मी येते," म्हणाली.

गुडघे धरत ती आली आणि उंबऱ्यावर बसली. त्या घरात उंबऱ्यावर बसलेल्या प्रत्येक पोराने तिचा धपाटा खाल्लेला आहे. काका घाईघाईने खालच्या पायरीवर बसले आणि झाकण लावू लागले. तिने एका हाताने पदर नाकावर घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

"राहू दे उघडा," ती पदराआडून म्हणाली. "सांगा, आज कसा आहे?"

काकांनी डबा नाकाशी नेला आणि डोळे मिटले. आधी गवताचा म्हणाले, मग भाकरीचा, आणि मग नेहमीच्या जागी अडले. तिने घाई केली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तोंड घाणीने आक्रसलं होतं, आणि ती त्यांच्याकडे कान देऊन बसली होती. काका पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. मी मागच्या मागे निघालो आणि आवाज न करता फाटक लावून घेतलं. वळून पाहिलं तेव्हा पदर नाकावरून खाली आला नव्हता, पण ती उठलीही नव्हती.